बोइपुसो

बाप जन्मला त्या रात्री
खालच्या गावाहून एक घोडेस्वार वर आला,
मांडीपर्यंत चिखल.
म्हणाला, राजधानीत जुना झेंडा उतरवला,
नवा चढवला,
थोडी आंबील मिळेल का?
आजोबांनी आंबील दिली, बातमी घेतली
आणि बाळाचं नाव ठेवलं बोइपुसो,
म्हणजे आपलं राज्य आपण करणं.

असं नाव ठेवू नये कुणाचं.
शेजारची मे माथुसो कुंपणापलीकडून ओरडायची,
स्वराज्या, मेंढ्या कुठे घालवल्यास?
स्वराज्याला आज छड्या बसल्या.
स्वराज्य झोपलंय, दार हळू लोटा.

एकोणीसाव्या वर्षी तो नदीवरच्या पुलाने
दुसऱ्या देशात उतरला, आणि तिथून जमिनीत.
तिथे त्याला नाव नव्हतं, आकडा होता.
आकडा त्याला अजून पाठ आहे.
माझा वाढदिवस नाही.

त्याचा वाढदिवस मात्र अख्ख्या देशाला पाठ,
म्हणून कुणाच्याच लक्षात राहत नाही.

मी काल कारखान्यातून निघाले.
आम्ही तिथे जीन्स शिवतो,
ज्यांच्या कमरा आम्ही कधी बघणार नाही त्यांच्यासाठी.
एक शिवण वाकडी गेलेली जोडी मला स्वस्तात मिळाली.
गाडीत माझ्या मांडीवर केक, केकवर कुणाचं तरी कोंबडं.
वाटेत धरण लागलं, निळं, भरलेलं.
ते पाणी डोंगराच्या पोटातून शेजाऱ्यांकडे जातं, पैसे येतात.
आमचा नळ मंगळवारपासून कोरडा आहे,
हे बापाने पोचल्या पोचल्या सांगितलं.
केकबद्दल काहीच बोलला नाही.
बोटाने साखर चाखली फक्त.

सकाळी शाळेत.
पीचची झाडं फुललेली, आणि तरी वरच्या कड्यावर बर्फ,
ऑक्टोबरला इथे काही ठरवता येत नाही.
मास्तर खेथिसांनी मुलांना विचारलं,
आपला देश किती वर्षांचा?
पुढच्या रांगेतल्या एकाने बापाकडे बोट केलं.
त्यांना विचारा.

दरवर्षी ते त्याला खांबाशेजारी उभं करतात,
डोक्यावर गवताची निमुळती टोपी,
झेंड्यावर आहे तीच,
खांद्यावर लग्नातली घोंगडी,
आणि या वर्षी घोंगडीखाली
माझी वाकड्या शिवणीची जीन्स.
दोरी अडकली, सुटली, झेंडा गेला वर.
हा तिसरा झेंडा. बापाने तिन्ही पाहिलेत,
पहिल्याचे रंग विचारले तर भांडतो.

राष्ट्रगीताच्या दुसऱ्या ओळीला त्याला खोकला आला.
तो खोकला मला राजधानीतही झोपेत ऐकू येतो,
कोरडा, खालून वर येणारा,
पाळणा खाणीतून वर चढताना करायचा तसा.
मास्तरांनी हात वर केला.
साठ-सत्तर मुलं गप्प झाली.
कुणी हसलं नाही.
एक गाढव तेवढं चरत राहिलं.
आम्ही सगळे उभे होतो
बोइपुसोचा खोकला थांबायची वाट बघत,
वारा झेंडा फडफडवत होता
आणि मला कळेना कुठे बघावं.

मग त्याने टोपी सारखी केली,
हाताने खूण केली, चालू द्या.
मुलांनी दुसरी ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

दुपारी उन्हात रेडिओचे सेल तापवत तो दगडावर बसला.
नुकसानभरपाईच्या कागदाचं काय झालं, मी विचारलं.
वकील म्हणतो, यादीत नाव आहे.
नाव की आकडा?
त्याने सेल उलटे केले,
दुसरी बाजू तापायला.

जीन्स कमरेत सैल होते, म्हणाला,
पण घोंगडीखाली कोण बघतंय.
रेडिओ लागला. राजधानीत परेड चालू होती,
घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या, मधेच खरखर.
आवाज वाढव, म्हणाला.
मग मला खालच्या झऱ्यावर पाठवलं,
दोन डबे घेऊन.