घामाचा पिवळा

सत्तावीस वर्षं मी या शाळेत तारा धुतो.
नायक्रोमच्या, वीतभर, काचेच्या दांडीत बसवलेल्या.
आम्लात बुडवायची, ज्योतीत धरायची, पुन्हा आम्लात,
ज्योत निळीच राहीपर्यंत.
नुसतं बोट लागलं तरी गेलं काम.
"डोंगरवार, तार पिवळी जळतेय,"
चार हेडमास्तरांनी सांगितलं.
पिवळी का जळते, ते एकानंही नाही.

एप्रिल. महालात चव्वेचाळीस.
कूलरची टाकी मीच भरलेली,
नववीतले पोट्टे तरी वह्यांनीच वारा घेतात.
त्यात लाइट गेली.
चौरागडे मॅडम म्हणाल्या, बरं झालं, अंधारच हवा होता.
खिडक्यांना मी काळे कागद लावले.

आधी मेणबत्ती.
जुन्या सीडीचा तुकडा डोळ्याशी तिरका धरून
एकेकानं पाहिलं:
तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा,
कुठे फट म्हणून नाही.
मग स्पिरिटचा दिवा.
मग मॅडमनी माझी धुतलेली, सुकवलेली तार उचलली
आणि म्हणाल्या,
"निनावे, कपाळ पूस हिनं."

माझा जीव गेला.

तन्वी निनावेचा घाम तारेला लागला,
तार ज्योतीत गेली,
ज्योत पिवळी.
आणि सीडीत आता पट्टा नाही,
एकच पिवळी ज्योत, कोरून काढल्यासारखी,
शेजारी ना नारिंगी, ना हिरवं,
बाकी जवळजवळ काळोख.

"काहून?" मागून फैजान.

घामात मीठ, मिठात सोडियम.
सोडियमच्या अणूत कडेला एक इलेक्ट्रॉन.
आच लागली की तो वरच्या पायरीवर जातो,
उतरताना बरोबर पायरीएवढाच उजेड टाकतो.
त्याला पुंज म्हणायचं.
अर्धा पुंज नाही, पाव पुंज नाही,
या दुकानात चिल्लर चालत नाही.
"अन् दोन पायऱ्यांच्या मधात?"
"मधात जागाच नाही."

मला शाळेचा जिना आठवला. बावीस पायऱ्या, माझे गुडघे.
अकरावी-बारावीच्या मध्ये मी रोज थांबतो,
एक पाय खाली, एक वर, हातात बादली.
त्याला ते नाही.
तिथे विटा नाहीत, कठडा नाही,
जिना हा शब्दसुद्धा, मॅडम म्हणाल्या, आपल्या सोयीचा.

"मग तो उतरते कधी?"

मॅडम थोडं थांबल्या.
"एकट्याचं कोणालाच सांगता येत नाही.
लाखोंची सरासरी सांगता येते.
उतरेल तेव्हा मात्र रंग हाच."

"म्हणजे आमच्या पगारासारखं," मी बोलून गेलो.
"रक्कम पक्की, तारीख नाही."
वर्ग हसला. मॅडमही हसल्या, आणि मग म्हणाल्या,
"नाही डोंगरवार.
पगार कुठे अडकला ते ट्रेझरीत जाऊन विचारता येतं.
इथे विचारायला ट्रेझरीच नाही.
ते आधी कुठे लिहूनच ठेवलेलं नसतं."

फैजानला पटलं नाही.
मला तर अजिबातच नाही.
तो पुढे आला, तारेला स्वतःचा घाम लावला, पाहिलं.
मग आरजूनं. मग सगळ्यांनी रांग लावली.
एकोणचाळीस कपाळं,
पिवळा एकच.
शेवटी मॅडमनी तार माझ्याकडे केली.

सुट्टी झाल्यावर सायकल काढली.
सक्करदरा, मग दिघोरी,
पाच वाजलेले तरी ऊन डोक्यावर बसलेलं.
म्हणे सूर्यातही सोडियम आहे,
आणि तो वर चढताना नेमका हाच पिवळा घेतो,
म्हणून उन्हाच्या पट्ट्यात त्या जागी काळी रेघ.
माझ्या सदऱ्याच्या पाठीवर
वाळल्या मिठाचे नकाशे.

रात्री वरण उतू गेलं.
शेगडीच्या निळ्या दातांत
एकाएकी पिवळं, पिवळं,
उतरणारे किती असतील, कोण कधी,
"अवो, गॅस बंद करा न!"
करतो, म्हटलं.
आणि पाहत उभा राहिलो.