सात नंबर

बकरी घ्यायची तर मी दात बघते,
पापणी उलटून आतला लालपणा बघते,
थान दाबून धार बघते.
सेलला दात नसतात.

नागपुरात मुश्ताकभाईच्या गोडाऊनमध्ये
मोडलेल्या ई-रिक्षांच्या पोटातून काढलेले
निळे ठोकळे, ओळीनं.
जन्मतारखेचा कोड पॉलिश पेपरनं घासलेला.
मी बोट फिरवलं त्या खरखरीत जागेवरून.
"शंभर अँपिअर, ताई, नव्यासारखे."
मीटर लावला: तीन पॉइंट दोन नऊ.
दुसऱ्याला: तीन पॉइंट दोन नऊ.
सगळे तसेच,
पाहुण्यांना विचारावं आणि प्रत्येकानं म्हणावं, बरं आहे.

आठ लागत होते. एक वरचा घासाघीस करून घेतला.
टोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून
दोन पोती समुद्रपूरच्या एसटीत, पायाशी.
कंडक्टर म्हणाला, काय आहे?
म्हटलं, कोंबड्यांची लस.
अगदीच खोटं नाही.
मागच्या मे महिन्यात अकरा तास लाइट नव्हती,
बर्फाचं पाणी झालं, पाणी कोमट झालं,
आणि चाळीस कुप्या मी उकिरड्यामागे पुरल्या
कुणाला न सांगता.

आयटीआयच्या लोणारे सरांनी टेस्टर दिला,
आठ दिवसांच्या बोलीवर.
लाइट जाते म्हणून सेल,
आणि सेल तपासायचा तर आधी भरायला लाइट.
ती येते रात्री दीडला. मी उठते, चिमटे लावते.
भरला की वीस अँपिअरनं उतरवायचा,
टेस्टरचा पंखा असा ओरडतो की सासरे खाटेवरून म्हणतात,
"काहून वं, घरात थ्रेशर लावलं काय?"

जंताच्या औषधाच्या तारखा असतात त्याच वहीत:
एक नंबर, त्र्याण्णव. दोन, एक्याण्णव. तीन, पुन्हा त्र्याण्णव.
सेल शेवटपर्यंत बोलत नाही.
तासन् तास तोच आकडा, तोच गंभीर चेहरा,
आणि अखेरच्या दहा मिनिटांत कोसळतो.

सात नंबरचं पोट जरा पुढे होतं.
फुगलेल्या बकरीच्या डाव्या कुशीवर मारते तशी
टिचकी मारली. काही कळलं नाही.
पण हाताला तो बाकीच्यांपेक्षा गरम.
तीन तासही टिकला नाही.
अठ्ठावन्न.

मुश्ताकभाईला एक शिवी दिली, भिंतीकडे बघून.
फोन उचलला.
ती घासलेली जागा पुन्हा बोटाखाली आली
आणि फोन ठेवला.

दोन वर्षांपूर्वी शनिवारच्या बाजारात
यमुना कोहळेला मी एक बकरी विकली होती.
एक थान मेलेलं.
रात्रभर पिळली नव्हती, कास भरलेली दिसावी म्हणून.
पदराखाली बोटं धरली, भाव ठरला,
मी घरी येऊन गुळाचा चहा केला.

बांगड्या काढून ठेवल्या, पान्याला लागू नयेत म्हणून.
आठ सेल जोडले, दोन-दोनाच्या चार जोड्या.
परवा रात्री लाइट गेली
आणि फ्रिज घुरघुरत राहिला.
एवढंच. घरात कुणी कूसही बदलली नाही.

सात नंबरला एक बारका पांढरा दिवा लावून
पिशवीत घेतला, यमुनाबाईकडे गेले.
"गोठ्यात ठेव. पण आधीच सांगते,
हा अठ्ठावन्नचा आहे. शंभराचा नाही."
तिनं दिवा लावला, विझवला, परत लावला.
उजेडात तीच बकरी, दोन पिल्लं,
एकाच थानाशी ढुशा देत.

"मले मालूम होतं वं तवाच," ती म्हणाली.
"पदराखाली तुहा हात थंडा पडला होता."

मी पिशवीची घडी घातली, मोडली.
तिनं सेलवर तळवा ठेवला, जसा वासरावर ठेवतात.
"हा किती दिवस चालन?"
म्हटलं, मोजावं लागेल.