बाकीचं

जांबोटीच्या शाळेत आमचं चष्म्यांचं शिबिर.
भिंतीवर दोन तक्ते, एक कन्नड, एक मराठी,
आणि सहा मीटर मोजून फरशीवर खडूची रेघ.
मष्णू गावडा रेघेवर येऊन उभा राहिला,
दोन्ही तक्त्यांकडे सारख्याच आदराने बघत म्हणाला,
‘अक्षरं कळत न्हाईत, बाई.
पण तिसऱ्या वळीवर मुंगी चाललीय,
तोंडात कायतरी पांढरं धरून.’

मी उठून भिंतीपाशी गेले.
साखरेचा कण होता.

जवळचं मात्र धूसर. अडीचचा नंबर निघाला.
चष्मा घालून त्याने आधी स्वतःचे तळहात पाहिले,
‘येवढ्या रेघा हुत्या व्हय,’ म्हणाला,
आणि पैशांऐवजी साप दाखवायचं कबूल केलं.

रविवारी हेम्मडग्याच्या अलीकडे बस सोडली.
भात पोटरीला आलेलं. वाटेवर गव्याचं शेण, अजून ओलं.
मी शहापूरची. आमच्याकडे साप म्हणजे
नागपंचमीला भिंतीवर चिकटवायचा कागद,
नाहीतर गटारातून निघालेलं पिल्लू,
ज्याला चौघे काठीने मारतात
आणि पाचवा रॉकेल आणायला पळतो.
मष्णूने वाटेत एवढंच सांगितलं:
‘साप हुडकू नका. बाकीचं बघा.’

बाकीचं म्हणजे काय, ते तळ्यावर कळलं.
बेडकांचा गलका, खानापूरचा बाजार भरल्यासारखा,
आणि उजव्या काठाला, लव्हाळ्यापाशी,
दोन हात जागा गप्प.
‘थितं.’
त्या गप्प जागेतून एक डोकं वर आलं,
डोळ्यांखाली काजळ ओघळलेलं,
मागे चौकड्यांची लुंगी नेसलेलं अंग.
‘दिवड. आमची आई नीर हाव म्हणायची.
ती धारवाडकडची.’
मी वहीत दोन्ही नावं लिहिली.
मान वर केली तर पाणी मिटलेलं,
आणि बेडूक त्या जागीही बोलू लागलेले.
एक कमी असेल, तर मला मोजता आला नाही.

पुढे रानात मला काही म्हणजे काही दिसेना.
कारवी, वेली, वेलींवर वेली.
दमून करवंदीच्या जाळीला टेकले, पाणी प्यायले,
फोन लागतो का पाहिलं. लागला नाही.
मष्णू बराच वेळ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता,
सांगावं, की आधी हलू नका म्हणावं, या विचारात.
‘मान तेवढी वळवा. हात नको.’

हरणटोळ.
नाकापासून वीतभर.
वाऱ्याने वेल हलावी तसा डुलत होता,
फक्त वारा नव्हता.
डोळ्यात आडवी बाहुली, किल्लीच्या भोकासारखी.
बावीस वर्षं मी बाहुल्या तपासतेय, सगळ्या गोल.
माझी तपासणी अशी कुणी केली नव्हती.
‘टाळू फोडतो म्हणतात ना हा?’ मी ओठातल्या ओठात.
‘म्हणतात की. माझी साठ वर्सं शाबूत हाय.’

परतताना दगडाच्या फटीत कात सापडली, धामणीची,
तोंडापासून शेपटीपर्यंत कुठे न फाटलेली.
त्याने खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला,
आणि कातेचं डोकं माझ्यापुढे धरलं.
‘हे बघा. डोळ्यावरचं बी उतरलंय.’
दोन गोल, स्वच्छ, नखाहून लहान काचा.
सापाला पापणी नसते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.
हातात घेतल्यावर वजन लागलंच नाही.

‘आधी आठ दिस डोळा दुधाळ हुतो,’ तो म्हणाला.
‘काय दिसत न्हाई. मग बिळातच बसतंय,
जवळ गेलं की फुसकारतंय.’
थोडं चालून पुन्हा, पाठमोराच:
‘आमची बायको बी तशीच बसलीय.
आठ दिस न्हाई, तीन वर्सं झाली.
शिबिराला चल म्हटलं तर भांडं फेकून मारलं.’

मी विचारलं, घर किती लांब.
‘हे काय, तळ्याच्या पल्याड.’

शेवटची बस पाचची होती.
मी वही मिटली,
आणि काठाकाठाने त्याच्या मागे निघाले,
पाय कुठे पडतोय ते बघत,
कुठे गप्प आहे ते ऐकत.