पाव फेरा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, औषध कंपनीच्या मागच्या गाळ्यात
बारा सुयांचं एक मशीन आहे.
शाळांचे बिल्ले भरतं.
त्याला फक्त फ्लॉपी कळते.

शेवंताबाई म्हणाल्या, नवा कॉम्प्युटर आणलाय,
सगळी डिझाइनं त्यात घालून द्या,
पण मेल्याला तोंडच नाही.
खरंच नव्हतं. समोरून सपाट, काळा, गुळगुळीत.
त्याची मुळाक्षरं सीपासून सुरू होतात,
ए आणि बी ही दोन घरं
अजून कुणाच्या नावावर चढवलेली नाहीत.

माझ्या पिशवीत बाहेरून जोडायचा ड्राइव्ह होता,
साबणाच्या वडीएवढा.
फ्लॉपी सरकवली. खट्.
नव्याने दोनदा घसा खाकरला आणि विचारलं,
ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. करू का?
सिडकोचा माणूस नोटीस काढण्याआधी
पाणी मागायचा, तितक्या अदबीने.

लेबलवर निळ्या बॉलपेनने:
गोठिवली शाळा. दिवा आणि होडी. पुसू नये. हि. मढवी.
हिराजी मढवी मशीनच्या बटणांवरूनच
एकेक टाका बसवायचे, तिथेच फ्लॉपीवर उतरवायचे.
त्यांना विचारू या का, म्हटलं.
मार्चमध्ये गेले, बाई म्हणाल्या,
आणि कात्रीला लागलेला दोरा सोडवत राहिल्या.

मशीन मात्र वाचत होतं.
अडखळत, घरघरत, पण वाचत होतं.
म्हटलं, निदान याला साफ करू.
उघडलं तर हेड रेषेतून जरासं सरकलेलं.
वीस वर्षांचा माझा हात. राहवतंय थोडंच?
स्क्रू सैल केला, हेड सरळ केलं, स्क्रू आवळला.

आता मशीनही वाचेना.

एकेचाळीस फ्लॉप्या. एकही नाही.

पंख्याखाली उभा राहिलो, तरी घाम.
मग डोक्यात शिरलं.
ड्राइव्ह पहिल्यापासूनच वाकडा होता.
लिहायचा वाकडं, वाचायचाही तितकंच वाकडं,
आणि म्हणून गाळ्यात कुणाचं काही अडलं नाही.
सरळ आलो तो मीच.

चहा आला, निवला, साय धरली.
मी स्क्रू उलटा फिरवत होतो,
पाव फेरा. नाही. थोडा मागे.
नाही.
केसभर पुढे.

ग्रर्र. थांबलं. ग्रर्र, ग्रर्र.
पडद्यावर दिवा. मग होडी.
होडीखाली तीन लाटा,
त्यातली मधली कारण नसताना लांब.

धागे कापणाऱ्या फरझानाकडून नेलपॉलिश मागितलं,
स्क्रूच्या डोक्यावर एक थेंब ठेवला,
पुन्हा कुणा हुशार माणसाने हात लावू नये म्हणून.
मोरपंखी रंगाचा. दुसरा नव्हता तिच्याकडे.

नव्या कॉम्प्युटरवर आता पगाराचा हिशेब होतो.

बिलावर लिहिलं, ड्राइव्ह दुरुस्ती.
खोडलं.
लिहिलं, ड्राइव्ह होता तसा केला.
तीनशे रुपये.
बाईंनी वाचलं, हसल्या नाहीत,
साडेतीनशे दिले.