पंचावन्न वॅट

डावा डोळा मिटलेली पिकअप
रात्री आठला माझ्या शेडपुढे येऊन थांबली.
मार्चमधलं न्यूफाउंडलंड: रस्त्यावर मीठ,
समुद्रात मीठ, बोनेटच्या बिजागरीतही मीठ.
सेल्बी पार्डी उतरला. म्हणाला, "व्हर्ना मावशी,
नवा बल्ब आहे, महिनाही झाला नाही.
वीस मिनिटं जळतो, मग जातो.
थापड मारली की येतो."

थापडेनं येणारं सगळं मला माहीत आहे.
माझा नवरा तसाच रेडिओ ऐकायचा.

बॅटरीची काळी तार आधी सोडवली.
कनेक्टर ओढला. निघेना.
बुडाला लागलेल्या काकवीसारखा
बल्बला चिकटून बसलेला.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं कडेकडेनं सुटला
तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास शेडभर झाला.
तीन खाचांपैकी एक तपकिरी, फुगलेली,
आतली पितळी पट्टी सैल.
सैल पकड तापते,
तापली की आणखी सैल होते.

"किती वॅटचे बसवलेस?"
तो बुटांकडे बघत म्हणाला, "शंभर."
कारखान्यानं पंचावन्नासाठी ओढलेली
ती एवढीशी तार.
नाकापेक्षा मोती जड,
आणि इथे तर नाकच जळालेलं.

बोलणार होते. बरंच बोलणार होते.
पण त्यानं हातमोजा काढला, पुन्हा घातला,
आणि ऑक्टोबरमधलं सांगितलं:
शेजारी आई, गँडरहून डायलिसिस करून परत,
आणि डांबरावर मूस.
नुसते पाय.
बाकीचं जनावर दिव्यांच्या वर, अंधारात.
चार बोटांनी चुकला.
आठवड्यातून तीनदा तोच रस्ता.

मग माणूस शंभर वॅट घेतो.
मीही घेतले असते.

मुकाट्यानं तार कापली.
आतलं तांबं काळं. आणखी कापली. हिरवं.
वीतभर मागे गेल्यावर कुठे
गुलाबी, चकाकतं तांबं लागलं.
चिनी मातीचं सॉकेट खोक्यात एकच उरलेलं.
तीन सांधे तीन निराळ्या अंतरांवर घेतले,
एका जागी जाड गाठ नको म्हणून.
दाबले, ओढून पाहिले, वर नळी चढवली;
गरम हवेत ती आक्रसून बसली
ओल्या मोज्यासारखी.
सेल्बीच्या हातातली टॉर्च सारखी हलत होती.
"तारेवर धर. माझ्या कानावर नको."

मग दिव्याच्या काचेवरून बोट फिरवलं.
काच कसली,
दहा हिवाळे खाल्लेलं प्लास्टिक,
मोतीबिंदू झालेलं.
घासत बसले: आधी खरखरीत कागद, मग मऊ,
पांढरं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.
त्याचे शंभरचे त्याच्या हातात ठेवले,
फडताळातले साधे पंचावन्न बसवले.
त्याचा चेहरा पडला.
दिवे लावले.
समोर आल्विन स्नूकची होडी उलटी ठेवलेली,
तिच्या फळ्यांतले खिळे मोजता येत होते.

तेव्हा गाडीची काच खाली आली.
इतका वेळ आत बसलेली मेल्वीना,
दंडावर पट्टी, मांडीवर पर्स.
"मी उजेड कधी मागितला?" ती म्हणाली.
"जरा हळू चालव, म्हटलं होतं."

सेल्बीनं पैसे विचारले. सॉकेटचे सांगितले.
वळणावर गेले तेव्हा पाहिलं:
उजवा झोत रस्त्यावर,
डावा थोडा वर,
साधारण मूसचं तोंड असतं तिथे.
नेम लावायचा राहिलाच.
ओरडले, पण ते पुढे गेले होते,
हळूच.

गुरुवारी पुन्हा येतील इथून.
स्क्रूड्रायव्हर कोटाच्या खिशात ठेवलाय.