आखूड आणि लांब

मंगळवार बाजारात गफूर तांबोळीनं
रेल्वेच्या कुण्या साहेबाच्या सामानातून निघालेल्या
दोन काठ्या पोत्यावर मांडल्या होत्या.
एक नऊ फुटी, हलकी, पितळी चाकाची.
दुसरी चार तुकड्यांत, जोडली की तेरा फूट,
मुठीखाली आणखी एक मूठ.
"ही एका हाताची, ही दोन हातांची.
पैसे एकीचेच आहेत ना? मग दोन्ही ने,
हिप्परग्याला टाकून बघ, एक परत आण.
नुसता विचार करून काय होतंय बे."

चाळीस वर्षं जॉबर होतो.
माग बंद पडला की मला हाका यायच्या.
आता उजवा खांदा बंद पडलाय,
आणि त्याला जॉबर मिळत नाही.

रात्री माशी बांधली.
गळाला कोंबडीचं पीस, टॉवेलच्या काठाचं तांबडं सूत,
दोन गाठी, वर मेणाचा थेंब.

पहाटे पाणी इतकं गप्प
की सांडव्यावरच्या बगळ्यानं पाय बदललेला ऐकू आला.

आधी आखूड.
उजवा हात मागे. थांब. पुढे.
दोरी मागं जाऊन सरळ होईपर्यंत थांबायचं
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
खटका मागावर नायना म्हणायचे,
धोटा पोचू दे रे पलीकडं,
आधीच फणी मारलीस तर धागा तुटंल.
आणि डावा हात मोकळा? मोकळा कुठला.
ढिली दोरी त्याच्या बोटांत.
पाण्याखाली कुणी नुसतं हुंगलं
तरी आधी त्याला कळतं, मग मला.
एक चिलापी आली, तळहाताएवढी,
पाठीवरचे काटे उभे करून रागावलेली.
सोडली.
सातव्या फेकीला खांदा म्हणाला, बास.
आठवी मागच्या बाभळीत.

मग लांब.
वरचा हात ढकलतो, खालचा ओढतो.
आजोबांच्या मागाला खटका नव्हता,
एका हातानं धोटा फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा,
दिवसभर आपणच आपल्याला काहीतरी देत राहायचं.
ही दोरी फार मागं जातच नाही.
पाण्यावरच वळसा घेते, बाभळीला विचारत नाही,
आणि मग पसरते, पसरत राहते,
साखर पेठेच्या बोळात ताणा पसरायचा तशी.
खांदा गप्प. कमरेनं थोडं काम केलं.
मासा मात्र एक नाही.
शेंग फोडायला पहार घेतल्यासारखं.
तिला नदी हवी होती, रुंद, वाहती;
मी तिला तलाव दाखवला.

घरी नरसूबाईच्या मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं.
विचारलं, एका हातानं वळते का गं बिडी?
"वळते की. आईचा हात गेला तेव्हा ती
पायाच्या अंगठ्यात पान धरून वळायची.
दिवसाला तीनशे कमी भरायच्या, तेवढंच."
दोरा गुंडाळला, तोडला.
मग वर न बघता,
"आणि रात्री खांदा शेकून द्यायला लागतो
तो कुणाचा?"

पुढच्या मंगळवारी गफूर म्हणाला,
मासा कशावर लागला?
आखूडवर.
आणि ठेवणार कुठली?
मी आखूड पोत्यावर ठेवली.
तो हसला नाही. पितळी चाक पेपरात गुंडाळलं,
लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ लावून.

लांब काठीचे चार तुकडे आता
चादरीच्या खोळीत, दाराआड उभे.
रविवारी जातो. दोरी लांबवर पडते.
मासे अजून तिच्याकडं वळलेले नाहीत.
खांदा बरा आहे.

डावा हात तेवढा
झोपेत चादरीचा सुटलेला धागा शोधतो,
बोटांत धरून ठेवतो,
थोडा ढिला, थोडा ताठ.