पूर्णा जंक्शन, तिसरा दिवस

रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, भाडं दिवसाला आठशे.
कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकलेला.
पंखा तीनवर ठेवला तर बोलणं ऐकू येत नाही,
दोनवर ठेवला तर डोकं चालत नाही.
खुर्च्या गोल लावा म्हटलं,
मुलांनी अंडं केलं. असू द्या.

उद्या हीच मुलं
दुसऱ्या मुलांना समोरासमोर बसवतील,
ठाण्याची, पनवेलची, वसमतची, मानवतची,
कुणाच्या घरी शनिवारी चूल पेटत नाही,
कुणी शुक्रवारी दुपारी घड्याळ बघतं.
मी शिकवते ते एवढंच:
मध्ये बसायचं, मध्ये यायचं नाही.

पहिला दिवस एका शब्दातच गेला: ‘तुमचे’.
‘तुमचे लोक’ असं कुणी म्हणालं
की विचारायचं, तुमचे म्हणजे कोण?
पण फलाटावर अनोळख्याला विचारतो तसं,
ही गाडी कुठली हो?
फौजदारासारखं नाही.
नुजहत इनामदारला ते जमेना.
बी.एड. झालेली पोर,
चुकीचं वाक्य ऐकलं की तिची बोटं खडू शोधतात.
‘बाई, गप बसायचं तर मग आपण काय करायलाव हितं?’
सात मोज, म्हटलं. मनात. मग बोल.
ती चारला बोलली.

दुसऱ्या दिवशी शेगुला झिराडकरनं डबा उघडला.
(पणजोबा इथल्या लोको शेडमध्ये फिटर होता म्हणे,
त्याची खूण शोधत ती सकाळभर हिंडली,
सापडली फक्त गळकी टाकी.)
पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची,
एलियाहू हन्नाबीच्या नावाचा मलिदा.
सोहेल बागवान उडालाच,
‘अगे, हमारे यहाँ भी मलिदा! दर्गे पे! चपाती का!’
आणि सगळे एकदम बोलायला लागले,
अंड्याचा क्षणात गोल झाला.

मी म्हटलं, झाकण लावा.
माझ्याकडे असे बघायला लागले,
जशी मी कुणाच्या लग्नात वीज घालवली.

सांगितलं त्यांना.
परभणीत एकदा मीच काढला होता असा डबा,
वाद तापला तेव्हा, घाईघाईनं.
मुलं हसली, खाल्लं, फोटो काढले,
आणि पुन्हा कधी भेटली नाहीत.
ज्या पोराचं वाक्य अर्धं राहिलं होतं
त्याचं नावही मला आता आठवत नाही.
वाक्य आठवतं.

तिसरा दिवस. बसवायची पाळी नुजहतची.
जेवणानंतर सोहेल फोन घेऊन आत आला,
पडद्यावर पांढरं कापड, फार लहान.
‘ये बोलने की बात नै,’ म्हणाला, ‘देखने की है.’
आणि फोन शेगुलासमोर धरला.
‘अश्दोदला माझी मावशी आहे,’ ती म्हणाली.
मावशी आहे, पुन्हा म्हणाली,
दुसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

हा सराव नव्हता. माझ्या वहीत याचं पान नव्हतं.

नुजहतचा हात डब्याकडे गेला.
मी काही बोलले नाही,
खरं तर मीही त्याच डब्याकडे बघत होते.
तिनं झाकणावर हात ठेवला. उघडलं नाही.
बाहेरून मालगाडी निघाली,
ती सात मोजत असावी, मी वाघिणी मोजल्या,
एकेचाळीस.
मग ती सोहेलला म्हणाली, ‘अजून आहे का?’
‘है.’
‘सांग. फोन खाली ठेव, तोंडानं सांग.’
तो सांगत राहिला, मराठीत, दखनीत, मग नुसता नाकातून.
शेगुला ऐकत होती का, माहीत नाही.
उठून गेली नाही.
तिची पाळी आली तेव्हा चहा गार झाला होता
आणि तिनं सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही,
तिनं ते सोहेलकडे बघून सांगितलं होतं.

मिटलं काही नाही.
संध्याकाळी डबा कुणीतरी घासून
खिडकीत पालथा घातला होता.
नांदेडची गाडी चाळीस मिनिटं उशिरा.
फलाटावर, पाण्याच्या नळाजवळ,
एकाच बाकावर दोघं, मध्ये एक बॅग.
बॅग कुणाची,
ते मला गाडी येईपर्यंत कळलं नाही.